तीस मुलांच्या वर्गाचं आमिष आणि गेलेले 2,35,000 रुपये

25,000 ‘रजिस्ट्रेशन’चे, 1,50,000 ‘सीट ब्लॉकिंग’चे, 60,000 होस्टेलचे. एकूण 2,35,000 रुपये इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका ॲडमिशन कन्सल्टंटनं आमच्याकडून उकळले. लेकीला ज्या खासगी विद्यापीठात बी.टेक. कॉम्प्युटर सायन्सला ‘पक्की सीट’ दिली म्हणाला, तिथे तिच्या नावाची नोंदच नाही.

मागच्या दारानं काही मिळवायला आम्ही गेलो नव्हतो. लेकीला बारावीला 84 टक्के आहेत. तिला फक्त छोटा वर्ग हवा होता. मोठ्या कॉलेजात एका सेक्शनला साठ-सत्तर पोरं, लॅबमध्ये एका मशीनवर दोघं. एक कोड लिहितो, दुसरा बघत बसतो. प्रोग्रामिंग बघून येत नाही. कोड अडला की शेजारी बसून चूक शोधायला लावणारं कुणीतरी लागतं. त्या माणसानं नेमकं हेच हेरलं आणि ‘तीसच बच्चे, हर एक पर ध्यान’ हे पालुपद लावलं.

क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा मोबाइलवर विद्यापीठाचं नाव आलं नाही, कुठल्यातरी ‘ट्रेडर्स’चं आलं. लेक म्हणाली, “आई, नाव वेगळं दिसतंय गं.” मी विचारलंही. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, युनिवर्सिटी का ही कलेक्शन अकाउंट है.” समोर लोगो छापलेलं पावतीपुस्तक, गोल शिक्का, मागे आणखी पालक ताटकळत बसलेले. मी पिन टाकला. विद्यापीठाला फी घ्यायला ट्रेडर्सचं खातं कशाला लागेल? ते नाव अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण ‘शिकल्यासवरल्या असून कशा फसलात’ असं मला कुणी म्हणू नये. पावती घेतली होती, कॅम्पस बघून आलो होतो, विद्यापीठ खरंच आहे. खोटा होता तो मधला माणूस.

फी कुणाच्याही सांगण्यावरून तिसऱ्या खात्यात भरू नका. विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर भरा, नाहीतर भरू नका.

पुढचा छळ वेगळाच. पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोर बसून दिलेत, हे सायबर नाही, ठाण्यात जा. परत ठाण्यात गेलो तर तुमचं घर दुसऱ्या हद्दीत. एका साहेबांनी तर “आपसी लेनदेन है, समझौता कर लो” असं सुनावलं. अहो, समझोता कुणाशी? ऑफिसला कुलूप, फोन बंद! बँकेचं उत्तर: पिन तुम्हीच टाकलात. विद्यापीठ म्हणतं, आमचा कुणी एजंटच नाही. मग त्यांच्या लोगोची पावतीपुस्तकं बाजारात फिरतात, त्याची तक्रार विद्यापीठ स्वतः का करत नाही? यावर सगळे गप्प. माझे मिस्टर रजा टाकून टाकून थकले.

हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोच ठेवा. पैसे गेल्याचं कळताक्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे निघून जाते. आम्ही आधी त्या माणसाच्याच मागे लागलो, तिथे वेळ गेला.

मूळ मार्कशीट आणि टीसी ‘व्हेरिफिकेशन’साठी त्यानं ठेवून घेतली. मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत असं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2018 मध्ये कॉलेजांनाच बजावलंय, एजंटाचा तर प्रश्नच नाही. हातातून सोडू नका. आणि छोटा वर्ग म्हणून कुणी सांगितलं तर आदल्या वर्षीच्या मुलांना गाठून विचारा, लॅबमध्ये शिक्षक प्रत्यक्ष बसतात का. कधीकधी प्रवेशच होत नाहीत म्हणूनही वर्ग छोटा असतो.

त्याच ऑफिसात पैसे भरलेले आणखी पालक असणारच, मी त्यांना डोळ्यांनी बघितलंय. पावती आणि व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. एकेकट्याला पिटाळून लावतात, म्हणून आता सगळ्यांनी मिळून एकच अर्ज द्यायचा माझा विचार आहे. ‘ट्रेडर्स’चं तेच खातं तुमच्या पावतीवर असेल तर पुढे या.