विना-नांगरट मका: एका खरिपानंतरचा अनुभव

फुलंब्री भागातल्या आमच्या भारी काळ्या रानात या खरिपात मका नांगरट न करता, साडेचार फुटी कायमच्या बेडवर (गादीवाफ्यावर) टोकून घेतला. पद्धत एसआरटी (सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक), नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी आधी भातासाठी बसवलेली. शेजारच्या पट्ट्यात नेहमीप्रमाणे नांगरट, वखरणी, कोळपणी होती, त्यामुळे फरक सारखा डोळ्यांसमोर राहिला.

सगळ्यात जास्त पटलं ते पाण्याचं. मोठा पाऊस उघडल्यावर नांगरलेल्या रानात पाय घालता येत नव्हता, बेडवर मात्र वाफसा (जास्तीचं पाणी निथळून काम करण्याजोगी ओल) लवकर आला. उघडीप लांबली तेव्हाही बेडवरचा मका दुपारी कमी कोमेजला. मागच्या पिकाची धसकटं जागेवरच कुजतात आणि मुळांच्या वाटेने पाणी खाली उतरतं. ट्रॅक्टरचं भाडं वाचलं ते वेगळंच.

पण नांगर थांबला की तणाचा सगळा भार फवारणीच्या वेळेवर येतो, आणि हे आधी कुणी नीट सांगत नाही! पहिले ३० ते ४५ दिवस मक्याला तण सोसत नाही. नांगरटीत तणाचं बी खोल गाडलं जातं, बेडवर ते वरच राहतं आणि पहिल्या पावसाला एकदम उगवतं. टोकणीनंतर ४८ तासांच्या आत, चांगल्या ओलीवर ॲट्राझिन हे तणनाशक (५० टक्के पावडर, एकरी ८०० ग्रॅम) फवारलं. माठ, घोळ ही रुंद पानांची तणं जवळपास दिसलीच नाहीत. जिथे काडीकचऱ्याचा थर जाड होता तिथे औषध वरच अडकलं आणि गवत उगवून आलं. ते तीन-चार पानांवर असतानाच टेंबोट्रायोन हे दुसरं तणनाशक एकरी ११५ मिली, सोबत त्याचा चिकटद्रव घालून मारलं. पानं पांढरी पडून तण बसलं, मका हिरवागार राहिला.

लव्हाळा मात्र या दोन्हींना दाद देत नाही. जमिनीतल्या गाठी शाबूत असतात, वरचं पातं गेलं की पुन्हा फुटतात. माझं स्पष्ट मत आहे: ज्या रानात लव्हाळा किंवा हराळी माजलेली आहे, तिथे थेट विना-नांगरट नको. आधी एक खोल उन्हाळी नांगरट करून गाठी आणि काशा (हराळीची जमिनीतली खोडं) कडक उन्हात वाळवा, वेचून काढा, मग बेड पाडा.

लष्करी अळीचंही लक्षात ठेवा. तिचे कोष मातीत असतात. नांगरटीत ते उघडे पडून पक्षी टिपतात, बेडवर तसं होत नाही. म्हणून पोंगे (मधली गुंडाळलेली कोवळी पानं, जिथे अळी लपते) रोप लहान असल्यापासूनच तपासत राहावे लागतात.

कणसं दोन्हीकडे सारखीच भरली. फरक खर्चात आणि खुरपणीच्या मजुरीत पडला. पुढच्या वर्षी मका बेडवरच.

मक्यात तूर घेणाऱ्यांनी ही दोन्ही तणनाशकं वापरू नयेत, तुरीला चालत नाहीत. तिथे उगवणीपूर्वी पेंडीमेथालिन आणि नंतर एक खुरपणी हातानेच.