आठ महिने डिस्क गोल्फ: पिशवीत काय राहिलं आणि खुंटीला काय टांगलं

दिवाळीच्या आधी सोयाबीन निघालं, खालच्या तुकड्यात हरभरा पेरला आणि वरचा तुकडा मोकळा राहिला. तेव्हाच मी डिस्क गोल्फसाठी ऑनलाइन तीन डिस्क मागवल्या. हा गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी चकती फेकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. पुण्यात एका मित्राबरोबर दोन वेळा फेकून पाहिलं होतं, अनुभव म्हणाल तर तेवढाच. औसा तालुक्यातल्या आमच्या शिवारात हा खेळ शिकवणारं कोणी नाही आणि चूक दाखवणारंही नाही. तरी जुलैपर्यंत जवळपास रोज संध्याकाळी फेकलं.

पहिली चूक खरेदीतच झाली. डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (वेगात असतानाचं वळण) आणि फेड (वेग उतरल्यावरचं वळण). मी 12 स्पीडची ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, घेतली. 12 म्हणजे लांब जाणार, असा माझा सरळ हिशोब. पण हा आकडा डिस्क किती वेगाने जाईल हे सांगत नाही. तुम्ही तिला किती वेगाने सोडलं तर ती ठरल्यासारखी उडेल, हे सांगतो. माझ्या हातात तेवढा वेग नव्हता, आजही नाही. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की ती थोडी सरळ जायची आणि लगेच डावीकडे वळून हरभऱ्यात पडायची. पावलं मोजली तर पन्नास मीटर. आणि पटरने, म्हणजे सगळ्यात हळू डिस्कने, पंचेचाळीस! पाच मीटरसाठी मी दुप्पट पैसे मोजले होते. दोष डिस्कचा नाही, तिच्या लायकीचा हात माझ्याकडे नव्हता.

मग महिनाभर फक्त पटर फेकली. इनोव्हा कंपनीची एव्हिअर, आकडे 2, 3, 0, 1. कंटाळा येतो, पण ही डिस्क चूक लपवत नाही. हात थरथरला की ती हवेत डगमगताना स्पष्ट दिसते. वेगवान डिस्क त्याच चुकीवर पांघरूण घालते आणि आपल्याला वाटतं, वारा होता.

माझी खरी अडचण मोबाइल विहिरीच्या कठड्यावर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तेव्हा कळली. सुटताना डिस्कची पुढची कड वर असायची. कड वर असली की डिस्क चढते, वरच्या वर दम तोडते आणि डावीकडे ढासळते. मी तोवर जोर वाढवत होतो, म्हणजे ती आणखी उंच चढून आणखी लवकर पडत होती. उपाय मनगटात आहे. पंगतीत जगमधून पाणी वाढताना अंगठा पुढे खाली झुकतो, तसं मनगट डिस्क धरतानाच झुकवून ठेवायचं आणि शेवटपर्यंत तसंच राहू द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. मला सात आठवडे लागले, आणि दमलो की अजूनही कड वर येते.

दुसरी गोष्ट माझ्या चुलत्यांनी सांगितली. तात्यांनी लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकललीत. बांधावर बसून दोन दिवस माझी मजा बघितली आणि मग म्हणाले, "आरं, पहिल्यापासूनच कशाला झटे द्यायलास? गोफण फिरवतानी हात सैल ठेवायचा. सोडायच्या टायमालाच झटका." त्या संध्याकाळपासून मी हात मागे नेताना ढिला ठेवायला लागलो. डिस्क छातीच्या अगदी जवळून सरळ रेषेत ओढायची आणि उजव्या छातीशी आली की मग जोर. हात छातीला वळसा घालून आला तर ती कुठेही सुटते. एकदा म्हशीच्या पाठीवर बसली. जोर कमी केला तसं कोपराचं दुखणंही गेलं.

फेब्रुवारीत फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे थोडी हळू ड्रायव्हर, म्हणून लेपर्ड घेतली: 6, 5, -2, 1. नवशिक्याला माझा सल्ला हीच. टर्न उणे दोन म्हणजे वेगात असताना ती उजवीकडे झुकते आणि वेग उतरला की थोडी डावीकडे परतते. हळू हाताला हे दोन्ही मिळून जवळपास सरळ रेषा देतात. ती ज्याची आहे ते इनोव्हाचं डीएक्स प्लास्टिक स्वस्त असतं, पण आमच्या माळावर मुरूम आहे. कडेला चरे पडले, आणि झिजत गेली तशी ती आणखी उजवीकडे झुकायला लागली. मला ते आवडलं. एप्रिलमध्ये तिने पंच्याहत्तर मीटर गाठले.

काळ्या रानाबद्दल कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. पावसाने रान ओलं झालं की चपलेला किलोभर चिखल चिकटतो, मग धावत येऊन पाय फिरवणं वगैरे विसरा, उभ्यानेच फेका. मेमध्ये भेगा पडतात. त्यात पाय गेला तर घोटा गेलाच समजा. जूनचं वारं समोरून आलं की लेपर्ड उलटी होऊन उजवीकडे पळते, आणि मग खुंटीला टांगलेली ती 12 वाली काढावी लागते. समोरच्या वाऱ्यात मात्र ती कामाची निघाली. दुपारी गाडीत ठेवलेली एक पटर पापडासारखी वाकली, त्यामुळे डिस्क घरातच ठेवा.

बास्केट मी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली: सायकलची रिम, पाइप आणि दावणीच्या जुन्या साखळ्या. या खेळातली साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक यांनी 1970 च्या दशकात बनवली. 2002 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची राख डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळली गेली. हे तात्यांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले, मग "बरंय की, फिरत तरी राहतंय" म्हणाले. साखळ्या वाजल्या की गोठ्यातली म्हैस अजून मान वर करते. तिला चारा आला असं वाटतं.

पटिंगचं, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकण्याचं, काय लिहू? पाच मीटरवरून दहात सात, दहा मीटरवरून दोन. एवढंच.

आता वरच्या तुकड्यातही सोयाबीन आहे, फेकायला फक्त अंगण उरलंय. गेल्या आठवड्यात शेवटची म्हणून लेपर्ड जोरात सोडली. ती अंगणाबाहेर गेली, सुंदर गेली, आणि गुडघाभर पिकात उतरली. हिरव्या रंगाची डिस्क मीच निवडली होती. दोन तास शोधलं. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे, काढणीला सापडंल." दुसरी मागवलीय, गुलाबी.