तांबडीच्या नावावर 33,950 रुपये गेले, आणि तांबडीही गेली

हे लिहायला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. पण परवा शेजारच्या कॉलनीतल्या एकीला ‘ताई, गाडी पाठवतो’ असाच फोन आल्याचं कळलं, म्हणून लिहिते आहे.

तांबडी आमच्या गल्लीतली कुत्री. सात वर्षं तिला दुपारचं खायला मीच घालत होते. नसबंदीलाही मीच पाठवली होती. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाच्या टोकाला काप देतात, तो तिच्या डाव्या कानाला होता.

रविवारी संध्याकाळी एका रिक्षाचं चाक तिच्या मागच्या उजव्या पायावरून गेलं. आमचे डॉक्टर गावाला गेलेले. प्राणीमित्रांच्या ग्रुपवर टाकलं आणि वीस मिनिटांत एकाचा फोन आला. संस्थेचं नाव, लोगो, सगळं होतं. ‘उपचार देणगीतून होतात, तुम्ही फक्त गाडीचं द्या.’ 1,500 दिले. गाडी खरंच आली. जाळी, हातमोजे, मुसकी, काही कमी नव्हतं. दारात गाडी उभी राहिल्यावर कोण शंका घेईल?

आणि माझं लहानपण लालबागचं. वडील जखमी मांजर पिशवीत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्यायचे. लोकांच्या दानावर मुक्या जनावरांचे उपचार होतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे मी भोळी म्हणून फसले, असं कुणी म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी ॲडमिशनचे 8,000. तिसऱ्या दिवशी पायात प्लेट घालायची म्हणून 14,500. क्यूआर स्कॅन केला की एका माणसाचं नाव यायचं. विचारलं तर म्हणे ट्रस्टचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, हे खजिनदारांचं. तिथेच थांबायचं! संस्थेच्या नावाच्या खात्याशिवाय एक रुपया देऊ नका, समोर जनावर तडफडत असलं तरी.

चौथ्या दिवशी व्हिडिओ आला. तांबूस कुत्री, मागच्या उजव्या पायाला बँडेज, डावा कान कॅमेऱ्याकडे. अख्खा कान. काप नाहीच. मी तो व्हिडिओ सहा वेळा बघितला आणि स्वतःची समजूत घातली की सेल्फीच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं, हा उजवा कान असेल. अहो, मग बँडेजही डाव्या पायाला दिसायला नको होतं? त्या कानाला रोज हळद लावणारी मी. मला दिसलं होतं. मला मानायचं नव्हतं, कारण मानलं असतं तर तांबडी कुठे आहे हा प्रश्न आला असता.

त्याच रात्री साडेअकराला फोन. ‘रक्त चढवावं लागेल, सकाळपर्यंत टिकणार नाही.’ 6,200 पाठवले. मग पंधरा दिवस ठेवण्याचे 3,750. एकूण 33,950. त्यातले 11,200 मी घरोघरी फिरून जमवले होते. ते सगळ्यांना परत केले. एका काकूंनी घेतले नाहीत, त्यांच्याकडे अजून मान वर करून बघता येत नाही.

भेटायला येते म्हटलं की ‘इन्फेक्शनचा वॉर्ड आहे’. नवव्या दिवशी नंबर बंद. त्यांनी पाठवलेला एक्स-रे आमच्या डॉक्टरांना दाखवला. त्यावर ना तारीख, ना नाव. ते म्हणाले, हाडांच्या टोकाशी वाढीच्या रेषा अजून उघड्या आहेत, हा पिल्लाचा पाय आहे. एक्स-रे आला की त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मग चौकी. ‘भटक्या कुत्र्यासाठी चौतीस हजार?’ तिथला माणूस हसला. म्हणे तुम्ही खुशीने दिलेत, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, खोटं सांगून पैसे काढणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318, जुनं 420. तर म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, आधी चौकीचं पत्र आणा. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. संस्थांची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयात दोन तास बसवून ठेवलं आणि सांगितलं, या नावाची संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही, म्हणून तक्रार घेता येत नाही. म्हणजे नोंदणीच न करणाऱ्या भामट्याला कुणीच विचारायचं नाही? आणि तांबडी हरवल्याची नोंद? ‘मालक कोण?’ मालक नाही, तर हरवलीही नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी नऊ दिवसांनी फोन केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. तुम्ही त्याच तासात करा, समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येतात. गाडीचा नंबर लिहून घ्या, मी घेतला नाही. दवाखान्याचा पत्ता विचारा आणि जनावराबरोबर त्याच गाडीत बसून जा. 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळते ती पावती मागा, त्यावर पॅन आणि नोंदणी क्रमांक असतो. मी मागितली तेव्हा ‘वर्षाअखेरीस देतो’ म्हणाले होते.

तांबडी तांबूस रंगाची, शेपटीचं टोक पांढरं, मागचा उजवा पाय बहुतेक लंगडत असेल, डाव्या कानाला काप. कुठे दिसली तर फोटो टाका, कान नीट दिसेल असा.