पिंग उडतोय म्हणून मोठा प्लॅन घ्यायचा, की एफक्यू-कोडेल, की केक?

टिळकवाडीपासनं निपाणीपर्यंत हल्ली बऱ्याच घरात फायबर आलाय आणि तक्रार मात्र तीच, स्पीड टेस्टला ४० (एमबीपीएस) दाखवतंय पण मीटिंगला आवाज तुटतोय. पुणे-बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरातनं करणारे मग सरळ १०० चा प्लॅन घेऊन मोकळे होतात. घ्या की, पण आधी एवढं करून बघा. लॅपटॉप केबलनं जोडून ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे उत्तर परत यायला किती वेळ लागतो त्याची मोजणी, लावून ठेवा आणि त्याच वेळी मोबाईलवरनं लग्नाचा एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. २० मिलिसेकंदाचा पिंग ३००-४०० वर गेला आणि अपलोड थांबवल्याबरोबर खाली आला, तर दुखणं स्पीडचं नाही, रांगेचं आहे. राउटर किंवा त्याच्या पुढचा डबा (फायबरचा मोडेम) जादा पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, टाकून देत नाही, साठवत बसतो, आणि तुमचा आवाज त्या व्हिडिओच्या मागं ताटकळत राहतो. यालाच बफरब्लोट म्हणतात. प्लॅन वाढवला की रांग जरा लवकर सरकते, पण अपलोड परत भरलं की परत तेच.

बिनलोडचा पिंगच जर वाईट असेल तर खालचं काही वाचू नका, लाईनवाल्याला बोलवा.

साध्या राउटरमधला आयता क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारं सेटिंग, बहुतेक वेळा 'हा मोबाईल आधी, तो टीव्ही नंतर' एवढंच करतो. मी तो धरतच नाही. खरी निवड एफक्यू-कोडेल आणि केक या रांग आवरणाऱ्या दोन पद्धतींत, आणि दोन्ही फुकट, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं फुकट सॉफ्टवेअर) चालणारा राउटर असला की त्यात एसक्यूएम हे रांग आवरायचं पॅकेज टाकायचं, झालं.

एफक्यू-कोडेलमधला कोडेल २०१२ चा, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांचा. रांग किती लांब आहे हे तो बघतच नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतो. सगळ्यात कमी थांबणारं पॅकेटसुद्धा १०० मिलिसेकंदभर सतत ५ मिलिसेकंदाच्या वर थांबायला लागलं की टाकून द्यायला सुरुवात, म्हणजे पाठवणारा आपोआप हळू होतो. एफक्यू म्हणजे कनेक्शन वेगवेगळ्या रांगांत वाटायची, डिफॉल्टला १०२४ रांगा. हलकं काम आहे, जुन्या राउटरलाही पेलतं.

केक त्याच घराण्यातला, २०१८ ला लिनक्स ४.१९ मध्ये आला. स्पीडला लगाम घालायचं काम त्याच्या आतच आहे, पण मला त्यात आवडतं ते दुसरंच. एफक्यू-कोडेल कनेक्शन मोजतो, त्यामुळं घरात एखाद्यानं टोरेंट लावून चाळीस कनेक्शन उघडली की त्याला चाळीस वाटे आणि तुमच्या कॉलला एक. केक आधी माणसांत, म्हणजे डिव्हाइसमध्ये वाटतो आणि मग त्याच्या कनेक्शनमध्ये. फक्त एसक्यूएमच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये 'नॅट' (nat) हा शब्द घालायला विसरू नका, नाहीतर राउटरच्या बाहेरच्या बाजूला सगळं घर त्याला एकच पत्ता दिसतं आणि ही वाटणी होतच नाही. बदल्यात तो प्रोसेसर जास्त खातो.

म्हणून माझं मत असं, १०० च्या आतला प्लॅन, घरात चारपाच जण आणि राउटर बऱ्यापैकी असेल तर डोळे झाकून केक, एसक्यूएममध्ये स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक' निवडा. प्लॅन २००-३०० चा आणि राउटर जुना असेल तर केक लावल्यावर स्पीडच खाली येईल, तिथं एफक्यू-कोडेल बरा, स्क्रिप्ट 'सिंप्लेस्ट'. दोन्हीत हार्डवेअर ऑफलोड (पॅकेट थेट चिपमधनं पुढं ढकलायची सोय) बंद करायला लागतंय, नाहीतर पॅकेट रांगेला वळसा घालून निघून जातात.

एसक्यूएममध्ये डाउनलोड-अपलोडच्या स्पीडचा आकडा खरा मिळणाऱ्या स्पीडच्या ९० टक्के टाका, ४० मिळत असेल तर ३६०००, कारण तिथं किलोबिट लागतात. हा १० टक्क्यांचा तोटा लोकांना खटकतो, पण रांग तुमच्या राउटरमध्ये उभी राहिली तरच ती तुमच्या हातात. आकडा रिकामा ठेवला तर रांग पुढच्या डब्यातच राहते आणि मग कुठलाही कोडेल काय करणार?

खानापूरकडं जंगलाच्या कडेला सिमवर चालणारं नेट असेल तर मात्र पंचाईत, स्पीड घटकेत ३० तर घटकेत ६, त्यामुळं एक ठरलेला आकडा चालत नाही. तिथं केकच घ्या आणि सोबत 'केक-ऑटोरेट' स्क्रिप्ट, ती पिंग बघून आकडा वरखाली करत राहते. फायबरवाल्यांनी रात्री नऊच्या सुमाराला परत एकदा पिंग बघा, उडाला तर आकडा अजून थोडा खाली आणा.