९११ एससीला कोणता ऑइल कूलर: ट्रॉम्बोन, कॅरेराचा की बंपरमधला?

पोर्शे ९११ एससी घेतली की पहिल्याच कडक उन्हाळ्यात हा प्रश्न पडतो. १९७८ ते १९८३ या काळातल्या या गाडीच्या ३ लिटरच्या इंजिनात पाणी नाही. ते हवेवर आणि तेलावर थंड होतं, आणि तेल तरी किती, तर १३ लिटरच्या आसपास. एक कूलर इंजिनालाच जोडलेला असतो. दुसरा उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डात, आणि सगळा वाद या दुसऱ्याचा.

सुरुवातीच्या एससीत तिथे ट्रॉम्बोन दिसेल. वाकवलेल्या नळीचं वेटोळं, बस्स. फिन (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) नाहीत, पंखा नाही. नंतर २८ पितळी नळ्यांचा कूलर आला. तो जास्त उष्णता काढतो, पण गाडी पळत असेल तोवरच. थंड हवेच्या गावात रविवारी सकाळी फेरफटका मारणाऱ्याने यातलं काहीही बदलू नये. जुनी गाडी मूळ रूपात राहिली तर विकतानाही बरं. ट्रॉम्बोनचा एक गुण सहसा कुणी सांगत नाही: तो धुता येतो. इंजिन बिघडलं की धातूचा कीस तेलाबरोबर कूलरमध्ये जाऊन बसतो. साध्या नळीतून तो निघतो, फिनवाल्यातून निघेल याची खात्री नाही. म्हणून वापरलेला फिनवाला कूलर स्वस्तात मिळाला, तर आधी ज्या गाडीतून काढला तिच्या इंजिनाचं काय झालं ते विचारा.

दुसरा पर्याय ३.२ कॅरेराचा, म्हणजे एससीनंतर आलेल्या ९११ चा, रेडिएटरसारखा फिनवाला. १९८७ पासून कारखान्याने त्याला विजेचा पंखाही दिला. जागा तीच, पण कूलर धरणारे कंस (ब्रॅकेट) आणि पुढचे पाइप बदलावे लागतात, शिवाय पंख्यासाठी रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि तापमानाचा स्विच. ही कटकट करावीच, असं माझं मत. इंजिनाचा स्वतःचा पंखा पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे सिग्नलला गाडी थांबली की तोही मंदावतो. दुबईच्या किंवा फिनिक्सच्या ४० अंशांतल्या गर्दीत पुढे हवा खेचणारा पंखा नसेल, तर कूलर कितीही मोठा असो, तेल तापतच राहणार.

तिसरा, बंपरच्या मधोमध बसवायचा मोठा कूलर. समोरून थेट वारा लागतो, मडगार्डात कोंडलेल्या कूलरला तो कधीच मिळत नाही. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सांगेन. बाकीच्यांनी मात्र थांबावं. बंपर कापावा लागतो, पाइप वाढतात, खडे लागतात, आणि पार्किंगमधल्या किरकोळ धडकेतही तेल रस्त्यावर. गर्दीत उभ्या गाडीला तर पंख्याशिवाय याचा काडीचा उपयोग नाही.

पैसे काढण्याआधी तेलाच्या तापमानाचा काटा बघा. चालत्या गाडीत ९० ते १०० अंश म्हणजे ठीक. १२०च्या वर टिकून राहत असेल तर कूलरचा विचार करा. मापकावर आकडेच नसतील (काही एससींवर नसतात), तर वेगळ्या थर्मामीटरने तेलाच्या टाकीतलं (या गाडीत तेल वेगळ्या टाकीत असतं) तापमान मोजा.

काम कोणतंही काढा, बाहेरचा थर्मोस्टॅट (तेल गरम झाल्यावरच ते पुढच्या कूलरकडे सोडणारी झडप) वगळून पाइप सरळ जोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. थंड, घट्ट तेल सुरुवातीपासून पुढच्या कूलरमधून ढकललं जातं आणि इंजिन गरम व्हायला वेळ लागतो. याच थर्मोस्टॅटवरचे ३६ मिलिमीटरच्या पान्याचे नट वर्षानुवर्षांत गंजून चिकटलेले असतात. मेकॅनिक जोर लावायला लागला की त्याचा हात धरा. पाइपचा नट कापला तरी चालेल, थर्मोस्टॅटचे आटे गेले तर मोठा खर्च.

नवा कूलर आणि लांब पाइप भरले की टाकीतली पातळी खाली जाते. ती इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवूनच तपासायची. थंड इंजिनात तेल मोजायची पट्टी बघून तेल ओतलं तर हमखास जास्त होतं, आणि ते जादा तेल एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन धूर काढतं.