व्हॅनच्या बॅटरीसाठी घेतलेला चार्जर : एक पावसाळा वापरून

गेल्या वर्षी जूनपासून आमची कॅम्परव्हॅन मुलुंडला सोसायटीच्या आवारात उभी होती. गणपतीला गावी निघायचं म्हणून किल्ली फिरवली, तर नुसतं टिक टिक टिक. आणि मागे दिवे लख्ख, पंखा गरगर! दिव्याखाली अंधार तो हाच. छतावरचं सोलर मागच्या, घरगुती वापराच्या बॅटरीला जोडलेलं. इंजिनाच्या बॅटरीला त्यातलं काही मिळत नाही, कारण दोघींना जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, इंजिन चालू असतानाच जोडतो.

मीटर लावून पाहिलं. किल्ली काढल्यावरही अलार्म आणि ट्रॅकर मिळून 40 मिलिअँपिअर खात होते. म्हणजे दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास, आणि बॅटरी सगळी 80ची. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत जा." आठवड्याचे सात अँपिअर-तास दहा मिनिटांच्या आयडलिंगवर कुठले भरून यायला? डिझेल जळणार, वर शेजारी खिडकीतून ओरडणार. ती बॅटरी शेवटी भंगारात दिली.

मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. 4 अँपिअरचा स्मार्ट चार्जर घेतला, 2,800 रुपये. पहिल्या दुकानात साधा चार्जर निम्म्या किमतीत देत होते, पण तो बॅटरी भरल्यावरही जोर लावत राहतो नि आतलं पाणी आटवतो. हा 14.4 व्होल्टपर्यंत चढवतो आणि मग 13.6वर उतरून नुसता सांभाळत बसतो. यंदा चार महिने लावून ठेवला. मध्ये दोनदा वीज गेली, परत आल्यावर आपणहून सुरू झाला. चार्जरचे बॅटरीला लावायचे चिमटे काढून रात्रभर थांबले, सकाळी मीटरवर 12.7. गणपतीला पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं.

सेक्रेटरींनी सोसायटीच्या मीटरवरून कुरकुर केली. प्लगला वॅटमीटर लावून दाखवला : सांभाळायच्या टप्प्यात 5 वॅट, महिन्याला चार युनिटही नाहीत. तरी शंभर रुपये देते, नाहीतर पुढच्या मीटिंगला तोच विषय.

आता खोट. चिमटे फार लेचेपेचे. डाव्या चिमट्याचं स्प्रिंग दुसऱ्याच महिन्यात ढिलं पडलं. मी चिमटे कापून वायरींच्या टोकांना गोल लग (धातूच्या कड्या) लावून घेतले, टर्मिनलला नटखाली कायमचे कसले. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पावडर धरली असेल तर आधी खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा आणि वर व्हॅसलीन फासा. दुसरं म्हणजे, पूर्ण मेलेली बॅटरी हा ओळखतच नाही, लाल दिवा लावून गप्प बसतो. तिथे आधी जंप स्टार्टच लागतो, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर इंजिन चालू करणं.

वायर दीड मीटरची आहे. चार्जर गाडीत कोरडा राहायला हवा आणि प्लग जिन्याखाली, तेव्हा घरून अंतर मोजून जा आणि एक्स्टेंशनही त्याच फेरीत घ्या. मला त्यासाठी परत ग्रँट रोड गाठावं लागलं.