सिसिलीचं पॅकेज घ्यावं का? आमचा अनुभव

बरेच जण विचारायलेत म्हणून एकदाच लिहून टाकतो. ऑक्टोबरच्या शेवटी मी, बायको आणि आई असे तिघं लातूरहून इटलीतल्या सिसिली बेटावर जाऊन आलो. पॅकेज इथल्याच एका ट्रॅव्हल एजंटाचं, नाव टाकत नाही, रोज तोंड बघायचंय. तो आधी म्हणला सहा दिवसांत अख्खं बेट दाखवतो. अरे बाबा, भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट ते, २५ हजार चौरस किलोमीटरच्या वर, सहा दिवस काय गाडीतच बसायचं का? भांडून भांडून ९ रात्री आणि फक्त कतानिया, सिराकुसा, नोतो एवढाच कोपरा ठरला, सोबत भाड्याची गाडी. पॅकेजमधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, आणि ती आमची.

मुक्काम नोतोजवळ शेतातल्या घरात. झाडाखाली जाळ्या अंथरून ऑलिव्ह उतरवणं चालू होतं, आई सकाळीच चपला घालून तिकडं. नाष्ट्याला बदामाचा बर्फगोळ्यासारखा ग्रानिता आणि गोडसर पाव, मला लई आवडला, आई मात्र शेवटपर्यंत दुधाच्या चहावर अडून बसली. बाजारात फड्या निवडुंगाची बोंडं विकायला, तिथं त्याला चक्क हिंदुस्थानी अंजीर म्हणतात (मूळ मेक्सिकोचं, आपलं नावच फुकट). बाई हातमोजा घालून दोन्ही टोकं कापती, मधी एक उभी चीर देती की साल अलगद बाजूला. जूनमध्ये पहिली फुलं मुद्दाम झोडून पाडतात म्हणे, मग दुसऱ्या बहाराची फळं शरदात येतात ती मोठी असतात. आई म्हणली, "म्हंजी आपण मोसंबीला ताण देतो तसंच की!" आणि मग दोघींचं खाणाखुणांनी असं जमलं की आम्ही पिशव्या धरून अर्धा तास उभे.

आता नोतो. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात जुनं गाव पार गेलं, मग काही किलोमीटरवर नवीन वसवलं, सगळं पिवळसर दगडाचं, संध्याकाळी उन्हात मधासारखं दिसतं. आईचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. मी सहज म्हणलं, बरोबर ३०० वर्षांनी आपल्याकडं १९९३. ती काहीच बोलली नाही, चर्चच्या पायऱ्यांवर बसली आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "जुन्या गावात राहतंय का कुणी?" दुसऱ्या दिवशी प्लॅनमधलं एटना ज्वालामुखीचं रोपवे रद्द करून तिकडंच गेलो. वेस, पडक्या भिंती, झाडोरा, माणूस नाही. तिनं एका भिंतीवर हात ठेवला, मग म्हणली चला. सहा दिवसांच्या पॅकेजात हे जमलं नसतं.

जेवण: शाकाहारी असाल तर वांग्यावर जगता येतं, वांग्याचा पास्ता 'अल्ला नोर्मा' झकास. भाताचे तळलेले गोळे घेताना मात्र आत मटण आहे का विचारा. एजंटानं लिहिलेलं 'इंडियन डिनर' म्हणजे पिवळा भात आणि लोणच्याची बाटली, एवढंच.

तक्रारी आहेतच. दुपारी दुकानं बंद असतात हे त्यानं सांगितलं नाही. शेवटच्या रविवारी तिथं घड्याळ तासभर मागं जातं, सव्वापाचलाच अंधार, तेही नाही. आणि मोठी गोष्ट, सिराकुसाच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदीचा झोन आहे, कॅमेरे लावलेले, आम्ही मॅपच्या नादी लागून सरळ आत. दंडाची चिठ्ठी लातूरला आली, वर गाडीवाल्या कंपनीनं कार्डातून वेगळे पैसे कापले. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून आधी काढा, क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं ठेवा.

एजंटाला पाचातले तीन. दंडाबद्दल विचारलं तर म्हणला, "काका, पुढच्या ट्रिपमधी ॲडजस्ट करू की." ते कोण धरायलंय.